कोट आधी वाचा, मग धुवा

लष्कराचा जुना कोट हाती आला की नवशिके तो आधी धुवायला टाकतात. तिथंच घोडं पेंड खातं. मूळ मालकाचं नाव शाईनं लिहिलेलं असतं आणि आधीच फिकटलेली शाई साबणात निघून जाते. पुण्यात कॅम्पात पस्तीस वर्षं शिंपीकाम केलं, तेव्हापासून वर्द्या जमवायचा नाद आहे. पहिला कोट मीही सर्फात बुडवला होता. आजतागायत तो बेवारस आहे.

जुन्या बाजारात माल घेताना पैसे चुकते झाले की मगच विचारा, "गोणी कुठल्या बाजूची?" म्हणजे हे कपडे भरून आलेलं पोतं कोणत्या मुलखातलं; मालक शोधायला तेवढाच धागा. आधी विचारलंत तर भाव चढतो.

घेण्याआधी शिवणीत लोंबणारं दोऱ्याचं एखादं टोक तोडून त्याला काडी लावा. सुती दोऱ्याची राख होते. टोकाला कडक गोळी आली तर पॉलिएस्टर, म्हणजे बहुधा सिनेमाच्या शूटिंगसाठी शिवलेला कपडा. बटणांवर राजमुकुट असेल तर १९५० च्या आधीचा माल, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. पण बटणं बदलता येतात, एवढ्यावर विसंबू नका. खांद्यावरच्या पितळी पट्टीवर १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ आणि पुढं मराठा असं असेल, तर पट्टी १९२२ च्या आधीची. त्या वर्षी या पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली.

आता वाचन. कॉलरची आतली बाजू, कमरपट्टी, खिशाची पिशवी उलटी करून बघा. मोबाईलचा टॉर्च वरून नको, कापडाला आडवा लावून धरा. ऑफिसरचा कोट असेल तर आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी शिवलेली असते; तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीखही सापडते. बिब्ब्याच्या काळ्या ठिपक्यांना मात्र फसू नका, ती धोब्याची खूण. मी एकदा दोन महिने त्या ठिपक्यांचा अर्थ लावत बसलो होतो.

नावापेक्षा सैनिकाचा नंबर जपा. इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकुनानं शिंद्याचा सिंदे आणि जाधवाचा जादो केलेला असतो, तेव्हा सगळी स्पेलिंगं घालून बघा. महायुद्धांतल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुकाही मिळतो. एकट्या इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाच्या यादीत चाळीस हजारांहून जास्त नावं आहेत. पण तिथं फक्त मेलेल्यांची नोंद. नाव सापडलं नाही तर हिरमुसू नका, माणूस बहुधा घरी परतला होता. मग बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला नंबर, हुद्दा, नाव लिहून पत्र टाका. सोबत फोटो जोडा, कोट पाठवू नका. आणि तो अंगावर चढवून रस्त्यानं हिंडूही नका; सैनिक असल्याचं भासवणं गुन्हा आहे.

माझ्याकडच्या एका खाकी कोटाची गोणी पाटणकडची होती. कॉलरमध्ये नंबर आणि अर्धं आडनाव. उजव्या कोपराला ठिगळ होतं, पण ते पलटणीतल्या शिंप्याचं नव्हे: हातचा धावदोरा, आणि कापड जुन्या लुगड्याच्या काठाचं. त्या तालुक्यात त्या आडनावाची तीन गावं, तिन्हीकडे फोटो घेऊन गेलो. तिसऱ्या गावी चौकटीत बसलेल्या आजींनी चष्मा पुसला आणि नंबरकडे न बघता ठिगळावर बोट ठेवलं. "आत्याबाईंचं लुगडं हाय ह्ये. मामंजी ह्यो कोट घालून रातचं उसाला पाण्याची दारं धराय जायचे."

मी म्हटलं, कोट आणून देतो. त्या म्हणाल्या, "नगं बाबा, हितं उंदरं खात्यात. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून प्रत्येक कपड्याला आतून सुती फीत टाचतो. नाव, गाव, कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला. चार टाके, तेही सैल, म्हणजे उसवताना कापड फाटत नाही.