पुराआधीचा पैसा: आपत्ती आणि साथीच्या तयारीसाठी गावाला निधी कसा मिळवायचा

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावची माजी सरपंच. माझ्याच कारकिर्दीत २०१९ चा महापूर, २०२० चा कोरोना आणि २०२१ चा दुसरा महापूर असं ओळीनं आलं. आता करवीर, हातकणंगले, शिरोळ भागात नव्यानं सरपंच झालेल्या ताया आणि भाऊ फोन करून एकच विचारतात, "वैनी, तयारी करायची म्हणता, पण पैसा कुठनं आणायचा?"

पैसा आहे. पण पाणी घरात शिरल्यावर जो मिळतो तो मदतीचा पैसा. तयारीचा पैसा वेगळ्या महिन्यात, वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या नावानं मागावा लागतो. बहुतेक गावं तो मागतच नाहीत, म्हणून तो दुसरीकडं जातो. तो कसा मागायचा ते सांगते.

पैसा कुठं कुठं असतो

आधी लांबचा विषय थोडक्यात संपवते. मोठ्या आरोग्य यंत्रणेचा पैसा दिल्लीतून ठरतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा मिशनसाठी सुमारे ६४ हजार कोटी ठरले. जिल्ह्याची एकात्मिक प्रयोगशाळा, अतिदक्षता विभाग, तालुका आरोग्य युनिट अशी कामं त्यातून होतात. हे पैसे गावानं मागायचे नसतात. महापुरात पुण्याहून येणाऱ्या एनडीआरएफच्या (केंद्राच्या बचाव दलाच्या) तुकडीचा खर्चही केंद्राचं गृह मंत्रालय करतं. ती येईपर्यंतचे जे तास असतात, ते मात्र आपले आपणच निभवायचे असतात आणि त्यासाठी लागणारा पैसा जवळच असतो.

सगळ्यात जवळचा म्हणजे ग्रामनिधी आणि वित्त आयोगाचा हप्ता. १५ व्या आयोगात (२०२१ ते २०२६) या हप्त्याचा ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, ४० टक्के मोकळा. पुराच्या दृष्टीनं हा बांधलेला भागच कामाचा, कारण पुरात आधी पाण्याचीच योजना बुडते. एप्रिल २०२६ पासून १६ व्या आयोगाचा काळ आहे, तेव्हा लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) लिहिण्याआधी भाऊसाहेबांकडून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक), चालू परिपत्रक मागून घ्या आणि स्वतः वाचा.

दुसरा पैसा ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून प्रत्येक महसुली गावाला वर्षाला १० हजारांपर्यंत. रक्कम लहान आहे, पण ती तुमच्या गावातच खर्चायची असते आणि निर्णय समितीचा असतो. आशाताई, अंगणवाडीताई आणि तुम्ही एकत्र बसलात तर तासाभरात यादी होते. प्राथमिक आरोग्य केंद्राकडं रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो, त्याची बैठक कधी आहे ते डॉक्टरसाहेबांना विचारा आणि तिथं जाऊन बसा.

तिसरा जिल्ह्याचा. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. जनरेटर, बोट, निवारा केंद्राची संडासं असली मोठी मागणी इथं जाते.

चौथा राज्य आपत्तीचा, आणि खरा गोंधळ इथंच होतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४८ मध्ये दोन वेगळे निधी आहेत, प्रतिसाद निधी, म्हणजे मदत-बचावाचा, आणि सौम्यीकरण निधी, म्हणजे नुकसान आधीच कमी करण्याचा. १५ व्या आयोगानं राज्याच्या एकूण रकमेतले ८० टक्के प्रतिसादाला आणि २० टक्के सौम्यीकरणाला दिले. त्या ८० मधले ४० तातडीच्या मदतीला, ३० पुनर्बांधणीला आणि १० पूर्वतयारी व क्षमता वाढवण्याला. हे १० टक्के लक्षात ठेवा. बचाव साहित्य, संपर्काची साधनं, प्रशिक्षण या सगळ्याची जागा तिथं आहे. ओढ्याचं पात्र मोकळं करणं, पाणी अडवण्या-वळवण्याची कायमची कामं ही सौम्यीकरणात बसतात. शेजारच्या एका गावानं लाइफ जॅकेट, ओढ्याची भिंत आणि पडलेल्या शाळेची दुरुस्ती एकाच अर्जात लिहिली. अर्ज तीन टेबलांवर फिरला आणि तोवर मार्चअखेर आर्थिक वर्षच संपलं. तीन कामांना तीन अर्ज, हा नियम कधीच मोडू नका.

साथीचा खर्च आपत्ती निधीत येतो का, असं पुष्कळजण विचारतात. पुरानंतर साथ पसरू नये म्हणून औषधं, जंतुनाशकं, कीटकनाशकं, जनावरांचे उपचार, पिण्याच्या पाण्याचा तातडीचा पुरवठा, भाड्यानं घेतलेल्या बोटी हे सगळं प्रतिसाद निधीच्या मंजूर यादीत आहे. नुसती साथ असेल तर ती आपोआप येत नाही. कोरोनाच्या वेळी १४ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयानं तो अधिसूचित आपत्ती धरला, तेव्हा कुठं वाट मोकळी झाली.

आधी गावाची फाइल करा

पैसा मागायच्या आधी चार पानं तयार पाहिजेत. माझा अनुभव असा, की भाषणापेक्षा या चार पानांनी काम होतं.

पहिल्या पानावर पाण्याची पातळी आणि आपलं गाव. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेची ४० आणि ४५. २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. पण साहेबांना हे आकडे माहीत असतात. त्यांना माहीत नसतं ते हे: किती फुटांना तुमचा कुठला रस्ता बंद होतो, किती फुटांना जॅकवेलची (नदीचं पाणी उचलायच्या विहिरीची) मोटर बुडते, किती फुटांना उपकेंद्राच्या पायरीला पाणी लागतं. शिरोळच्या गावांनी राजाराम बंधाऱ्यावर भरवसा ठेवून चालत नाही. आपल्याकडं पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. म्हणून नृसिंहवाडीची पातळी वेगळी लिहा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरा, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर अजून सापडतात. त्यांवर तेलरंगानं रेघ मारून फोटो काढा.

दुसऱ्या पानावर माणसं. नावं नकोत, ती आशाताईंच्या रजिस्टरमध्ये राहू देत. आकडे पाहिजेत: जुलै ते सप्टेंबर या काळात बाळंतपणाची तारीख असलेल्या बाया, डायलिसिसचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे, अंथरुणाला खिळलेले, टीबीची औषधं चालू असलेले. तालुक्याच्या आढावा बैठकीत हे पान पुढं ठेवलं की सगळे शांतपणे ऐकतात, कारण डायलिसिसचा रुग्ण दोन-तीन दिवसांत दवाखान्यात न्यावाच लागतो आणि रस्ता बंद असेल तर बोट लागतेच. बोटीच्या मागणीला यापेक्षा चांगलं कारण नाही.

तिसऱ्या पानावर जनावरं, गोठे आणि चारा. आपल्या भागात म्हशी सोडून माणूस घराबाहेर पडत नाही, हे कागदावर लिहायला लाजू नका. जनावरांची सोय आधी दाखवली तर माणसं वेळेत हलतात.

चौथ्या पानावर हाती असलेलं साहित्य आणि त्याची अवस्था. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ४१ सांगतं की स्थानिक प्राधिकरणानं, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीनंही, आपल्या माणसांना प्रशिक्षण द्यावं आणि साधनं लगेच वापरता येतील अशी ठेवावीत. अर्जाच्या पहिल्या ओळीत हे कलम लिहा. आपण मेहेरबानी मागत नाही, कायद्यानं अंगावर टाकलेलं काम करायला साधन मागतो आहोत.

मागणी आकड्यात करा

"पुरेसं टीसीएल मिळावं" (टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) असं लिहिलेला अर्ज मंजूर करणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही. हिशेब करा. समजा तुमची टाकी १ लाख लिटरची आणि दिवसातून दोनदा भरते, म्हणजे रोज २ लाख लिटर पाणी. एरवी चांगल्या प्रतीचं टीसीएल १,००० लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास लागतं. पुराच्या गढूळ पाण्याला दुप्पट धरा. रोज १ किलो, महिन्याला ३० किलो. वर विहिरी आणि हातपंपांचं शुद्धीकरण, निवारा केंद्राच्या टाक्या. म्हणजे २५ किलोच्या दोन पिशव्या हा गावाचा किमान साठा. हा हिशेब अर्जातच लिहिला की कोणी रक्कम निम्म्यावर आणत नाही.

टीसीएल फेब्रुवारीत स्वस्त मिळतं म्हणून घेऊन ठेवू नका. त्यातला क्लोरीन उडत जातो. मेअखेरीस घ्या, नमुना तपासायला पाठवा, पिशवी जमिनीवर नाही तर फळीवर ठेवा, तोंड बांधून. जलसुरक्षकाच्या हातात ओटी टेस्टची (पाण्यातला क्लोरीन तपासायची) बाटली पाहिजे आणि शेवटच्या नळाला किमान ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलीग्रॅम) क्लोरीन दिसला पाहिजे. साथीची शंका असेल तर ०.५. पाणी किती सुरक्षित आहे त्यावरून गावाला मिळणारं लाल, पिवळं, हिरवं कार्ड मागणीला जोडा. पिवळं किंवा लाल असेल तर लपवू नका, तीच तुमच्या मागणीची सगळ्यात मोठी बाजू आहे.

लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) प्रतिबंधाच्या गोळ्या, सर्पदंशावरचं इंजेक्शन, ओआरएस हे आपण विकत घ्यायचं नाही. ते आरोग्य केंद्रातून येतं. आपण फक्त मेमध्ये पत्र द्यायचं, की गावाचा संपर्क तुटला तर दहा दिवसांचा साठा उपकेंद्रात आधीच असावा, आणि त्याची पोच घ्यायची.

माणसांच्या प्रशिक्षणाला आपदा मित्र योजना आहे. गावातली पोहणारी पोरं, नावाडी, तालमीतले पैलवान आणि बचत गटातल्या बाया यांची नावं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात द्या. बाया जरूर पाठवा. निवारा केंद्रात रात्री बाळंतीण किंवा वयात आलेल्या मुली असतात, तिथं त्याच उपयोगी पडतात.

कोणत्या महिन्यात काय

२ ऑक्टोबरची ग्रामसभा सगळ्यात महत्त्वाची, कारण पुढच्या वर्षीचा ग्रामपंचायत विकास आराखडा तिथून सुरू होतो. तयारीची कामं आराखड्यात नसतील तर वित्त आयोगाचा पैसा हातात असून वापरता येत नाही. जिल्हा नियोजनाची मागणी हिवाळ्यात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात पोचवा. तिथं जानेवारीनंतर गेलात तर आराखडा जवळपास ठरलेला असतो. २६ जानेवारीला उरलेल्या रकमेचा आढावा, १ मेच्या सभेत साठ्याचं वाचन, मेमधल्या मान्सूनपूर्व बैठकीला स्वतः हजर. ताई, त्या बैठकीला घरातल्या पुरुषाला पाठवू नका. पाण्याची, बाळंतपणाची, संडासाची अडचण तुमच्याइतकी कोणाला सांगता येणार नाही.

एक तांत्रिक गोष्ट, पण हिच्यापायी गावं अडकतात. ग्रामपंचायतीचं पेमेंट आता ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालींवरून, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीनं होतं. त्या सहीची मुदत जून ते सप्टेंबरमध्ये संपत असेल तर मेमध्येच नूतनीकरण करा. पुरात वीज जाते, नेट जातं. म्हणून टँकर, ट्रॅक्टर, डिझेल, बोटभाडं यांची दरपत्रकं मेमध्ये मागवून दर ठरावात मंजूर करून ठेवा. ऐनवेळी ट्रॅक्टरवाल्याला फोन गेला पाहिजे, दराची घासाघीस नको. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५० प्रमाणं आणीबाणीत टेंडरशिवाय खरेदी होते खरी, पण तो निर्णय अधिकार असलेल्या प्राधिकरणाचा. तोंडी "घ्या वैनी, बघू नंतर" यावर एक रुपयाही खर्चू नका, निदान मोबाइलवर लेखी संदेश घ्या आणि पाणी उतरल्यावर कार्योत्तर मंजुरीला जोडा.

हिशेब

साठा नोंदवही, बिल, तारीख-ठिकाण दिसणारा फोटो, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला). चारही एका फाइलला. मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र गेलं नसेल तर पुढचा हप्ता अडतो आणि लोकल फंडाच्या ऑडिटला (सरकारी हिशेब तपासणीला) वसुली निघते ती सरपंचाच्या नावावरही. निवारा केंद्रात वाटलेल्या प्रत्येक वस्तूपुढं अंगठा किंवा सही घ्या. पुराच्या धावपळीत हे कोणाला सुचत नाही, म्हणून एक शिक्षक किंवा बचत गटाची सचिव फक्त या कामाला नेमा, बाकी काही सांगू नका. वह्या आणि शिक्के प्लॅस्टिकच्या पिशवीत, ग्रामपंचायतीच्या कपाटात नाही, उंचावरच्या घरात.

पाणी उतरलं की पहिल्या आठवड्यात, चिखल काढायच्या गडबडीतही, काय कमी पडलं ते त्याच वहीत लिहा: किती टीसीएल संपलं, जनरेटर किती तास चालला, कुठल्या रुग्णाला किती वेळ थांबावं लागलं. महिन्यानं विचारलं तर कोणाला आठवत नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्या पानावरून मागणी वाचा, ठरावावर सूचक-अनुमोदकाची नावं घाला, आणि प्रत त्याच आठवड्यात पंचायत समितीत देऊन पोच म्हणून शिक्का मारून घ्या.