राज्यघटनेचा अभ्यास करताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांमध्ये पॉलिटी हा हातचा विषय समजला जातो. इतिहासाला अंत नाही, अर्थशास्त्र डोक्यावरून जातं, पण राज्यघटना पाठ केली की मार्क आलेच, असा अभ्यासिकेतला समज. टेस्ट सिरीजचे पेपर बघितले की वेगळंच दिसतं. ज्याला कलमांचे नंबर झोपेतून उठवून विचारले तरी येतात, तोच ‘फक्त अ आणि ब’ की ‘वरील सर्व’ यात अडकून बसतो. कारण लोकसेवा आयोग नंबर कमी विचारतो आणि कलमात नेमकं काय लिहिलंय ते जास्त विचारतो. ते नोट्समध्ये नसतं. नोट्समध्ये असतो त्याचा सारांश, आणि सारांश करताना सगळ्यात आधी गळतात ते अपवाद.

नंबर पाठ, तरतूद कोरी

एक नेहमीचं विधान घ्या: ‘राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आणि त्यांच्यावरील महाभियोगात (पदावरून हटवण्याच्या कारवाईत) एकच सदस्य भाग घेतात.’ कलम ५४ आणि ६१ पाठ असलेला विद्यार्थी इथे हमखास चुकतो. निवडणुकीत संसदेच्या दोन्ही सभागृहांचे फक्त निर्वाचित सदस्य मत देतात आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य. दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या विधानसभा ७० व्या घटनादुरुस्तीने (१९९२) आत आल्या. विधान परिषदेच्या आमदाराला मत नाही. महाभियोगात मात्र आमदार कुणीच नाहीत, पण राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्य आहेत. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत पुन्हा नामनिर्देशित खासदार मतदान करतात आणि आमदारांचा संबंधच येत नाही.

म्हणून कुठलंही कलम वाचताना स्वतःला चार गोष्टी विचारा: कोण करतं, किती मतांनी करतं, किती मुदतीत करतं आणि अपवाद काय. त्यासाठी मूळ संविधान शेजारी उघडं हवं. मराठी आवृत्ती मिळते. भाषा जड आहे, पण तीनशे पंच्याण्णव कलमं सलग वाचायची नाहीयेत. जो धडा चालू आहे, तेवढीच कलमं काढून वाचायची. जाडजूड संदर्भ पुस्तकाची चार पारायणं करून मूळ मजकूर एकदाही न बघणं, यापेक्षा महाग चूक या विषयात नाही.

‘विशेष बहुमत’ म्हणून सगळं एकाच डब्यात

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, म्हणून जरा सावकाश बघू.

कलम ३६८ खालच्या घटनादुरुस्तीला दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश. लोकसभा ५४३ ची धरा. ३९० जणांनी मतदान केलं तर दोन तृतीयांश होतात २६०. तरी विधेयक पडतं, कारण एकूण संख्येच्या निम्म्याहून जास्त म्हणजे किमान २७२ हवेत. उलट ४८० जणांनी मतदान केलं तर २७२ मिळूनही उपयोग नाही, ३२० लागतात. ही दोन उदाहरणं स्वतःच्या हाताने कागदावर सोडवा, मग व्याख्या पाठ करायची गरज उरत नाही.

आता शेजारची बहुमतं. राष्ट्रपतींवरील महाभियोगाला एकूण सदस्यसंख्येचेच दोन तृतीयांश, म्हणजे लोकसभेत ३६२. राज्यसूचीतल्या विषयावर संसदेने कायदा करावा यासाठी राज्यसभा कलम २४९ खाली ठराव करते, तिथे फक्त हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश पुरतात. उपराष्ट्रपतींना हटवायचा ठराव राज्यसभेत तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताने होतो, म्हणजे रिक्त जागा वजा करून, आणि त्याला लोकसभेची सहमती लागते. घटनादुरुस्तीला निम्म्या राज्यांची संमती जिथे लागते, तिथे विधानमंडळात साधं बहुमत चालतं.

आणि एक हुकमी सापळा: घटनादुरुस्ती विधेयकावर दोन्ही सभागृहांत मतभेद झाले तर संयुक्त बैठक नाही. धन विधेयकावरही नाही. राज्यात तर संयुक्त बैठकीची सोयच नाही. विधान परिषद साधं विधेयक आधी तीन महिने आणि दुसऱ्या फेरीत एक महिना अडवू शकते, एवढंच.

विधेयकाचा नंबर आणि दुरुस्तीचा नंबर

वर्तमानपत्रात वाचलेला आकडा आणि पुस्तकातला आकडा जुळत नाही म्हणून मुलं गोंधळतात. जीएसटीचं विधेयक १२२ वं होतं, दुरुस्ती १०१ वी. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचं विधेयक १२४ वं, दुरुस्ती १०३ वी. महिला आरक्षणाचं १२८ वं, दुरुस्ती १०६ वी. प्रत्येक विधेयक मंजूर होतंच असं नाही, म्हणून हा फरक. पंचायत राजचं ६४ वं विधेयक १९८९ मध्ये राज्यसभेतच पडलं होतं.

तसंच मंजुरीचं वर्ष आणि अंमलाचं वर्ष. पंचायत राजची ७३ वी दुरुस्ती १९९२ ची, लागू झाली २४ एप्रिल १९९३ पासून. शिक्षणाच्या हक्काची ८६ वी दुरुस्ती २००२ ची, पण तो हक्क प्रत्यक्षात आला १ एप्रिल २०१० ला. प्रश्नात ‘संमत’ आहे की ‘अंमल’, त्याखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावा.

कारण न कळता तक्ता घोकणं

आणीबाणीला संसदेची मान्यता किती मुदतीत हवी, याचा तक्ता प्रत्येकाच्या वहीत असतो: ३५२ ला (राष्ट्रीय आणीबाणी) एक महिना, ३५६ ला (राष्ट्रपती राजवट) दोन महिने, ३६० ला (आर्थिक आणीबाणी) दोन महिने. परीक्षेच्या हॉलमध्ये हे आकडे एकमेकांत मिसळतात. १९७५ समजून घेतलं तर ते मिसळत नाहीत.

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी सही केली, मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. कारण दिलं होतं ‘अंतर्गत अशांतता’. पुढच्या वर्षी जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असा निकाल दिला की बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. विरोधातलं एकमेव मत न्या. एच. आर. खन्ना यांचं. आता १९७८ ची ४४ वी दुरुस्ती वाचा, ती या सगळ्याला दिलेलं एकेक उत्तर वाटते. अशांततेच्या जागी सशस्त्र उठाव आला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा झाला. संसदेच्या मान्यतेची मुदत दोन महिन्यांवरून एक महिन्यावर आली आणि बहुमत साधं न राहता विशेष झालं. दर सहा महिन्यांनी पुन्हा मान्यता आली. लोकसभेला एकटीला साध्या बहुमताने आणीबाणी उठवता येऊ लागली. कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) कुठल्याही परिस्थितीत स्थगित करता येणार नाहीत असं ठरलं. भाषण, संचार वगैरे स्वातंत्र्यांचं कलम १९ आपोआप थांबतं तेही फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमण असेल तर, सशस्त्र उठावात नाही.

३५६ च्या मंजुरीला मात्र दोन महिने आणि साधं बहुमत तसंच राहिलं. हा फरक एकदा लक्षात आला की तक्त्याकडे बघावं लागत नाही.

सीनियरची जुनी पुस्तकं

पैसे वाचतात, मार्क जातात. लोकसभेतल्या अँग्लो-इंडियन नामनिर्देशनाची तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली, तरी जुन्या पुस्तकात कमाल संख्या ५५२ च छापलेली आहे. आता ५५०. राज्यं २८, केंद्रशासित प्रदेश ८. राष्ट्रीय मागासवर्ग आयोग २०१८ पासून घटनात्मक संस्था आहे, वैधानिक (साध्या कायद्याने बनलेली) नाही. महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून निवडायचं २०१७ ला ठरलं, २०२० ला रद्द झालं, २०२२ ला परत आलं. पुस्तक कुठल्या सालचं आहे त्यावर तुमचं उत्तर ठरतं, हे काही बरं नाही.

केंद्र पक्कं, पंचायत कच्ची

राज्यसेवेच्या उमेदवारांना ही सवय विशेष नडते. स्थानिक निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो असं मानणारे अजूनही सापडतात. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो, कलम २४३-के आणि २४३-झेडए. महिलांना संविधानाने दिलेलं आरक्षण ‘किमान एक तृतीयांश’ आहे, ५० टक्के ही आपल्या राज्याच्या कायद्याची देणगी. प्रश्नात ‘संविधानानुसार’ असेल तर ५० टक्के चूक. सरपंच कसा निवडायचा हे राज्याच्या कायद्यावर सोडलंय, पण पंचायत समितीचा सभापती आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष हे सदस्यांमधूनच निवडायचे, हे संविधानातच लिहिलंय. आदिवासी भागांच्या प्रशासनाच्या दोन अनुसूची आहेत: गडचिरोली, नंदुरबारमधले अनुसूचित भाग पाचव्या अनुसूचीत येतात. सहावी आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोरामसाठी.

मार्क अडकलेच असतील तर

आणखी एक पुस्तक आणू नका. शेवटच्या दोन-तीन टेस्टमधले फक्त पॉलिटीचे चुकलेले प्रश्न काढा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा: वाचलंच नव्हतं, वाचलं पण दोन तरतुदी मिसळल्या, प्रश्न घाईत वाचला, की तुक्का मारला. बहुतेकांचा ढीग दुसऱ्या कारणाचा निघतो. मग मिसळलेल्या जोड्यांची एकच वही करा: ६१ आणि ६७ (राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींना हटवणं), १२३ आणि २१३ (राष्ट्रपती आणि राज्यपालांचे अध्यादेश), ३२ आणि २२६ (सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात दाद). डाव्या पानावर एक, उजव्या पानावर दुसरी, मधे फक्त फरक. तिसऱ्या कारणाला अभ्यासाचा इलाज नाही. तिथे ‘नाही’, ‘फक्त’, ‘किमान’ या शब्दांना गोल करत पेपर सोडवायचा सराव लागतो. तुक्क्यांचा हिशोब वेगळा ठेवा. राज्यसेवा पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात, आणि तुमचे तुक्के फायद्यात आहेत की तोट्यात हे तुमच्याच पेपरांवरून निघतं.