मर्यादा प्रत काढताना नॉइज कुठे मोजावा

आपल्या प्रतिमेत किती अंधूक तारा विश्वासाने मोजता येतो, हे मर्यादा प्रतीवरून कळते (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक). दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावरून आकाश टिपणाऱ्या नवोदितांना एक्स्पोजर आणि स्टॅकिंग (अनेक फ्रेम एकत्र करणे) ठाऊक असतेच, म्हणून मी थेट नॉइजकडे, म्हणजे पिक्सेलांच्या मूल्यांतल्या यादृच्छिक चढउताराकडे वळतो.

अपर्चरमधला, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश मोजण्यासाठी प्रतिमेवर आखलेल्या वर्तुळातला, नॉइज मोजायचा, त्याची पाचपट घ्यायची आणि झिरो पॉइंट (प्रतिमेतल्या मोजणीचे प्रतीत रूपांतर करणारा आकडा) वापरून तिची प्रत काढायची, एवढीच रीत आहे. झिरो पॉइंट गाया किंवा पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणांच्या सूचीतील ताऱ्यांवरून मिळतो. तिथे फारसे अडत नाही. अडते ते पहिल्याच पायरीवर, आणि मी स्वतः सर्वाधिक काळ तिथेच रखडलो. अपर्चरचा नॉइज काढण्यासाठी एका पिक्सेलच्या नॉइजला अपर्चरमधल्या पिक्सेलसंख्येच्या वर्गमुळाने गुणणे शेजारचे पिक्सेल परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच योग्य ठरते. स्टॅकिंगपूर्वी फ्रेम जुळवताना सॉफ्टवेअर त्या किंचित सरकवते, फिरवते, आणि प्रत्येक नव्या पिक्सेलमध्ये जुन्या अनेक पिक्सेलांचा वाटा मिसळतो. त्यामुळे शेजारचे पिक्सेल एकत्रच वरखाली होतात, प्रतिमा गुळगुळीत दिसते, एका पिक्सेलचा नॉइज कमी भरतो आणि मर्यादा आहे त्यापेक्षा खोल येते. अपर्चरमधला खरा नॉइज हिशेबाच्या दीडपट निघाला, तर ०.४४ प्रतीचा फरक पडतो. तेवढी खोली खरोखर मिळवायची तर एकूण एक्स्पोजर सव्वादोनपट करावे लागते.

म्हणून मोजणीच्याच आकाराची काहीशे अपर्चर तारे आणि दीर्घिका टाळून मोकळ्या आकाशावर कुठेही विखरून ठेवावीत, पार्श्वभूमी वजा करून प्रत्येकातली बेरीज घ्यावी आणि त्या बेरजांचे प्रमाण विचलन (सिग्मा) हाच नॉइज मानावा. काही अपर्चर न दिसणाऱ्या ताऱ्यांवर पडणारच, त्यामुळे मीडियनवर आधारलेले विचलन अधिक भरवशाचे. एक बटण दाबताच मर्यादा सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. ‘हा सिग्मा कुठून काढलास?’ असे विचारून पुन्हा मोजायला लावणारा मार्गदर्शक माझ्या मते कोणत्याही तयार साधनापेक्षा मोलाचा आहे.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. मासेमारी बोटींचे दिवे लागले की त्यांचा उजेड दमट हवेत पसरून पश्चिमेची बाजू उजळते, म्हणून मोठ्या क्षेत्राच्या प्रतिमेत प्रत्येक भागाची मर्यादा वेगळी काढावी. भिंगावर दव धरले असेल, तर ती फ्रेम स्टॅकमध्ये घेऊच नये.

नव्या मोजणीने आकडा खाली आला तरी खचू नका. प्रतिमा तीच असते, फक्त आता तिच्यावरून काढलेला निष्कर्ष टिकतो. तो आकडा इतरांना देताना फिल्टर, अपर्चरचा आकार आणि सिग्माची पट अवश्य लिहावी, कारण एकाच प्रतिमेच्या तीन आणि पाच सिग्माच्या मर्यादांत सुमारे ०.५५ प्रतीचे अंतर असते.