काजू-खजुराचे फ्रॉस्टिंग गुळगुळीत कसे वाटावे

लोणी आणि पिठीसाखर न वापरता केकवर लावता येईल असे दाट, मऊ फ्रॉस्टिंग काजू, खजूर आणि नारळ या तीनच मुख्य जिनसांतून तयार होते. सात इंची केकच्या वरच्या बाजूला आणि कडांना पुरेल एवढ्यासाठी 200 ग्रॅम कच्चे काजू, 120 ग्रॅम मऊ बिनबियांचा खजूर, 80 ग्रॅम नारळाच्या दुधाची साय, एक छोटा चमचा लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स आणि चिमूटभर मीठ घ्यावे. अखंड काजूंवर पैसे खर्च करू नयेत. पाकळी किंवा तुकडा तितकाच चांगला वाटला जातो. भाजलेले किंवा खारवलेले काजू मात्र मुळीच चालणार नाहीत.

नारळाचे पहिले दाट दूध आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवावे. सकाळी वर जो घट्ट थर जमतो, तीच साय. काजू साध्या पाण्यात सहा तास भिजवावेत. खजूर गरम पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून निथळावा.

यापुढचा टप्पा वाटण्याचा आहे आणि फ्रॉस्टिंग बिघडते ते इथेच. ‘सगळे एकदम मिक्सरमध्ये घालून फिरवा, घट्ट वाटले तर थोडे पाणी घाला’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. माझ्या भाचीच्या वाढदिवसाला मी तो पाळला होता. पाते अडले म्हणून मी अर्धी वाटी पाणी घातले, मिश्रण तात्काळ फिरू लागले आणि मला हायसे वाटले. पण तासाभरात ते केकच्या कडांवरून ओघळून ताटात जमा झाले. घट्ट करण्यासाठी त्यात आणखी काजू वाटून घातले, तेव्हा पातळपणा गेला नाहीच, वर जिभेला रवाळ लागू लागले. पातळ मिश्रणात काजूचे कण पात्याखाली दबून चिरडले न जाता नुसते गरगर फिरत राहतात, हे मला फार उशिरा समजले. गुळगुळीतपणा दाट वाटणातूनच येतो आणि एकदा शिरलेले पाणी काढून घेता येत नाही.

म्हणून भिजलेले काजू चाळणीत किमान पंधरा मिनिटे निथळू द्यावेत आणि स्वच्छ पंचावर पसरून टिपून घ्यावेत. खजूर दोन मोठे चमचे सायीबरोबर चटणीच्या भांड्यात आधी वेगळा वाटावा व चाळणीतून दाबून काढावा, म्हणजे सालीचे तपकिरी पापुद्रे मागे राहतात. काजू लिंबाचा रस व मीठ घालून दोन वेळा निम्मे-निम्मे वाटावेत. मिक्सर एका वेळी वीस सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये. थोड्याच वेळात आवाज बदलतो, घरघर हलकी होते. त्याचा अर्थ वाटण कडेला चिकटले आहे आणि पाते रिकामे फिरते आहे. हाच पाणी घालण्याचा मोह होण्याचा क्षण. अशा वेळी मिक्सर बंद करून कडेचे वाटण उलथन्याने खाली ओढावे, थोडीशी साय घालावी आणि पुन्हा फिरवावे. हे आठ-दहा वेळा करावे लागते.

मधूनमधून भांड्याला बाहेरून तळहात लावून पाहावे. कोमट लागले तर झाकण काढून दहा मिनिटे थांबावे, कारण वाटण तापले की काजूचे तेल सुटू लागते आणि वर तेलकट चकाकी येते. काजूकतलीसाठी काजू दळताना आपण याच कारणासाठी थांबून-थांबून दळतो. वाटण झाले की नाही, हे डोळ्यांवर सोडू नये. चिमूटभर वाटण अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळावे. एकही कण बोटाला जाणवला तरी अजून वाटावे. मी या कामासाठी अर्धा तास हाताशी ठेवते आणि त्याहून लवकर ते कधीही नीट झालेले नाही.

शेवटी खजुराचा गोळा, उरलेली साय व व्हॅनिला घालून एकदा फिरवावे. खजुराऐवजी गूळ घालू नये: तो विरघळून मिश्रण सैल करतो आणि खजुराचा चोथाही त्यात नसतो. रंग फिकट बदामी येईल. पांढराशुभ्र येणार नाही आणि यावा असा आग्रहही धरू नये. चॉकलेटची चव हवी असल्यास दोन मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर चाळून मिसळावी.

झाकून दोन तास फ्रीजमध्ये ठेवावे आणि पूर्ण थंड झालेल्या केकवरच लावावे. नारळाची स्निग्धता साधारण 24 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत केक कापण्याच्या जेमतेम दहा मिनिटे आधी बाहेर काढावा. फ्रीजमध्ये हे चार दिवस टिकते. पाहुण्यांमध्ये कोणाला काजूची ॲलर्जी आहे का, हे काजू भिजत घालण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण वरून पाहून यात काजू आहेत हे कोणालाही ओळखता येत नाही.