सायकल फिटिंग: फिटरकडे जाण्याआधी आणि आल्यावर

सायकल फिटिंग म्हणजे सीट, हँडल आणि पेडल आपल्या अंगाच्या मापाने बसवून घेणं; ते करणारा तो फिटर. फिटिंगला जाताना सायकलसोबत रोजचे बूट, रोजची शॉर्ट आणि वापरातलीच पेडल्स न्या. नव्या बुटांत घेतलेली मापं जुन्या बुटांत चुकतात. सोल पाच मिलिमीटरने जास्त जाड असला तरी सीटची उंची बदलावी लागते. निघण्याआधी सध्याची मापं वहीत लिहा: क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत आणि सीटच्या टोकापासून हँडलपर्यंत. नवी बैठक मानवली नाही तर पूर्ववत करायला हीच वही लागते.

चांगला फिटर आल्याआल्या पाना हातात घेत नाही. किती चालवता, कुठे दुखतं, जुनी दुखापत आहे का हे विचारतो, वाकायला लावून मांडीमागचे स्नायू किती ताणतात ते पाहतो. मग ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवता येणाऱ्या स्टँडवर) बसवून आधी क्लीट (बूट पेडलला अडकवणारी बुटाखालची पट्टी), मग सीटची उंची, सीट पुढे-मागे आणि सगळ्यात शेवटी हँडल. थेट स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बदलायला सुचवलं तर आधी सीटचं काय, असं विचारा.

सीटच्या उंचीचा अंदाज घरीही काढता येतो. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाड पुस्तक जांघेत घट्ट धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. ते माप गुणिले 0.883, ही क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. म्हणजे 80 सेंटिमीटरला साधारण 70.6. ही फक्त सुरुवात. पेडल तळाला असताना, थांबून मोजल्यास, गुडघा 25 ते 35 अंश वाकलेला हवा. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट बहुधा खाली किंवा फार पुढे आहे. मागे दुखत असेल, पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर वर आहे. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच हलवा.

आता आपल्याकडची गोष्ट. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेसारख्या किनारी रस्त्यावर सपाटी कमी, चढ-उतार जास्त. सीटचं टोक फार खाली झुकलेलं असेल तर उतारावर अंग पुढे घसरतं, सगळा भार तळव्यांवर येतो आणि करंगळीला मुंग्या येतात. लोक मग महागडे ग्लोव्ह्ज घेतात. सीट आधी सपाट करा. फिटरला पुढचं चाक उचलून चढाची बैठकही तपासायला सांगा.

घरी आल्यावर सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) सीटक्लँपच्या, म्हणजे तो फ्रेममध्ये आवळणाऱ्या कड्याच्या, लगत टेप लावून खूण करा. खाऱ्या हवेत स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट गंजून घट्ट अडकतो, मग तो काढताना फ्रेमच जायची वेळ येते. पावसाळ्याआधी आणि नंतर तो काढा, पुसा, ग्रीस लावा आणि खुणेवर परत बसवा. फ्रेम किंवा पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट (कार्बनचे भाग घसरू नयेत म्हणून लावायची खरखरीत पेस्ट) वापरा. बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळतोय ते मोजणाऱ्या पान्याने), त्या भागावर लिहिलेल्या आकड्याइतकेच आवळा.

पहिले दोन-तीन आठवडे लांबच्या राइड टाळा. त्यानंतरही एकाच जागी दुखत राहिलं तर त्याच फिटरकडे वही घेऊन जा.