लढत नको, राऊंड सांगा

बॉक्सिंगची सगळ्यात थरारक लढत कोणती, यावर दादाची आणि माझी वीस वर्षं जुंपते. पूर्वी वाद नुसता नावांचा असायचा. तो ‘अली’ म्हणायचा, मी ‘हॅगलर’, की संपलं. मग एक नियम केला: लढतीचं नाव घ्यायचं तर राऊंडही सांगायचा. तुम्हीही इथूनच सुरुवात करा.

राऊंड विचारला की महान लढत आणि थरारक लढत वेगळ्या होतात. 1974ची किन्शासातली अली-फोरमन लढत इतिहास म्हणून केवढी मोठी! पण अली बराच वेळ दोरांना टेकून मार झेलतोय आणि फोरमन दमत चाललाय. ती डोक्याने जिंकलेली लढत. श्वास अडकतो तो आठव्या राऊंडच्या शेवटी.

बघताना आवाज बंद ठेवा. समालोचकाचा आवाज चढला की आपल्यालाही चढतं, आणि ते आपलंच मत वाटू लागतं. 1985ची हॅगलर-हर्न्स आवाजाशिवायही तितकीच अंगावर येते. पहिल्याच राऊंडमध्ये हर्न्सचा उजवा हात मोडतो. तिसऱ्यात हॅगलरच्या कपाळातून रक्त वाहतंय, रेफ्री त्याला डॉक्टरांना दाखवतो, आणि परत येऊन तो हर्न्सला आडवा करतो. सगळा खेळ आठेक मिनिटांचा.

निकालाचं भांडण मात्र बाजूला ठेवा. 1990च्या चावेझ-टेलर लढतीत दोन सेकंद उरले असताना रेफ्रीने लढत थांबवली. ते बरोबर की चूक, यात शिरलात तर थराराचं बोलणं राहूनच जातं.

आता खरं माप: पारडं किती वेळा फिरलं? 2002च्या पहिल्या गाटी-वॉर्ड लढतीचा नववा राऊंड लावा. सुरुवातीलाच वॉर्डचा डावा ठोसा बरगड्यांखाली बसतो, गाटी गुडघ्यावर येतो. उठतो, मार खातो, आणि आता संपला म्हणेपर्यंत तोच वॉर्डला मागे रेटायला लागतो. मग पुन्हा वॉर्ड. हे सगळं तीन मिनिटांत!

माझं मत तरी कोरालेस-कास्तियोला, मे 2005, दहावा राऊंड. कोरालेस दोनदा पडतो, दात वाचवायला तोंडात घातलेलं माउथपीस थुंकल्याबद्दल गुण गमावतो, डोळे सुजून मिटत आलेले. आणि त्याच राऊंडमध्ये तो कास्तियोला दोरांवर असा गाठतो की रेफ्रीला मध्ये पडावं लागतं. पण हा राऊंड कुणाला सुटा दाखवू नका. आधीचे नऊ राऊंड दोघं कपाळाला कपाळ लावून लढलेत. ते पाहिल्याशिवाय कोरालेस कशातून उठला, हे कळणारच नाही.

दादाचं उत्तर ठरलेलं: मनिला, 1975, चौदावा राऊंड. अली-फ्रेझर लढतीत पारडं फिरतं, पण सावकाश. सुरुवात अलीची, मधले राऊंड फ्रेझरचे, शेवट पुन्हा अलीचा. चौदाव्यात फ्रेझरला ठोसे दिसतही नाहीत. प्रशिक्षक एडी फच त्याला पंधराव्यासाठी उठू देत नाही. झटपट उलटापालट तिथे नाही, हे मी दादाला दर वेळी सांगतो. पण तो राऊंड लागला की मध्ये बोलत नाही.