पट्टेरी डास: पाऊस पडण्याआधी कोरडे ड्रम घासा

रोपवाटिका, फळबाग किंवा गोठा असलेल्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर एक काम उरकून घ्यावे: कोरडी पडलेली भांडी, ड्रम, कुंड्या आणि जुने टायर आतून घासून काढणे. पाणीच नाही तर डास कुठला, असे वाटेल. पण काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला एडिस अल्बोपिक्टस, म्हणजे आशियाई टायगर डास, सहसा पाण्यावर अंडी सोडत नाही. मादी ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर कडेला चिकटवते.

पाणी आटले तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात. पावसाने भांडे भरून पाणी त्यांच्यावर चढले की अळ्या बाहेर पडतात. त्याही सगळ्या एकदम नाहीत. काही अंडी पहिल्यांदा भिजल्यावर फुटतात, काही दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला. त्यामुळे ड्रम नुसता पालथा करून भागत नाही. पाणी ओता, ताठ ब्रशने आतली कड घासा, धुवा आणि मगच पालथा घाला. धुतलेले पाणी नालीत किंवा दुसऱ्या भांड्यात न सोडता कोरड्या जमिनीवर टाका.

एका खेपेला मादी साधारण 40 ते 150 अंडी घालते, पण ती थोडी या भांड्यात, थोडी त्या भांड्यात अशी वाटून. नऊ भांडी साफ केली आणि दहावे झाडामागे राहिले, तर तेवढेही तिला पुरते. मुरघासाची ताडपत्री दाबायला ठेवलेले टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या, करवंट्या, रबराच्या चिकाचे कप, बांबूचे कापलेले खुंट, ताडपत्रीच्या घड्या या जागा हमखास राहून जातात. शेततळे आणि भातखाचर मात्र या डासाच्या यादीत धरू नका. तिथे वाढतात ते मुख्यतः क्युलेक्स आणि अॅनाफिलीस हे दुसरे डास.

मादीचे मीलन बहुधा आयुष्यात एकदाच होते. नराचे शुक्राणू ती पोटातल्या तीन बारीक पिशव्यांत साठवते आणि पुढची अंडी त्यांतूनच फलित करते.

डास स्वतः फार लांब उडत नाही, बहुतेकदा काहीशे मीटरच. दूरचा प्रवास आपणच घडवतो. 1985 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला त्याची वस्ती सापडली, तेव्हा आयात केलेल्या जुन्या टायरांकडे बोट दाखवले गेले. 2001 मध्ये तो कॅलिफोर्नियात पोचला तो पाण्यात ठेवून पाठवलेल्या लकी बांबूच्या रोपांबरोबर. बाहेरून रोपे मागवणाऱ्यांनी सोबतचे पाणी गाळून तपासावे आणि भांडी घासूनच वापरात घ्यावीत.

उबदार हवेत अंडे फुटल्यापासून डास उडेपर्यंत आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून पावसाळाभर फेरी आठवड्यातून एकदा हवीच. पंधरवड्याची फेरी म्हणजे डास उडून गेल्यावर केलेली पाहणी. फेरी दिवसा निघते आणि हा डासही दिवसाच चावतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. जे पाणी ओतता येत नाही, त्यावर बारीक जाळी घट्ट बांधा किंवा बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हे डासांच्या अळ्या मारणारे जिवाणूजन्य औषध, लेबलवरच्या मात्रेत टाका. पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी फवारतात तो बीटी कुर्स्ताकी इथे चालत नाही, दुकानात नाव नीट पाहून घ्या. बीटीआय अळीच्या पोटात गेले तरच मारते. कोष काही खात नाही, त्यामुळे कोष दिसू लागल्यावर पाणी ओतणेच बरे. पिकावरचे कीटकनाशक ड्रममध्ये ओतू नका. अंड्यांचा त्याने बंदोबस्त होत नाही आणि पाणी मात्र वाया जाते.

थंड प्रदेशांत आणखी एक फेरी लागते. दिवस लहान होऊ लागले की तिथल्या माद्या सुप्तावस्थेतली अंडी घालतात. ती हिवाळा काढतात आणि वसंतात फुटतात. तिथे दुसरी घासणी पानगळीच्या दिवसांत, टायर-कुंड्या शेडमध्ये रचण्याआधी करावी.